जास्वंदीच्या पानाची पाठ

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की आमच्या सोसायटीत कशाचं तरी उद्घाटन होतं. लोक आयतेच खाली जमलेले असतात, बटाटेवडे अजून यायचे असतात, अशा वेळी माणसं काहीही पाहायला तयार असतात. एका वर्षी लिफ्टमधल्या आरशाचं उद्घाटन झालं होतं. मी सांगते आहे त्या वर्षी ठिबक सिंचनाचं झालं.

कुंपणालगतच्या दोन जास्वंदींना लाल फीत बांधली होती. अध्यक्षांनी ती कापली, नारळ फोडला, बटण दाबलं. अध्यक्ष एका मोठ्या कंपनीतून जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले; कंपनी सुटली तरी बटण दाबायची सवय सुटली नव्हती. ठिबकची अडचण अशी की ती सुरू झाली तरी काही दिसत नाही. शंभरेक माणसं काळ्या नळीकडे बघत उभी राहिली. शेवटी कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे सुटले. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आज आपण थेंबाथेंबाने इतिहास घडवतोय." मग वडे आले.

सोसायटीची सेक्रेटरी मी होते. त्याच दुपारी मी नोटीस टाइप केली: यापुढे पाइपने झाडांवर पाणी मारण्यास सक्त मनाई आहे. 'सक्त' हा शब्द माझा. नुसती मनाई बोडकी वाटत होती.

ही मनाई प्रत्यक्षात एकाच व्यक्तीला लागू होती, ती म्हणजे आमची माळीणबाई. तिला सगळे मावशी म्हणत. वयाने ती माझ्याएवढीच, साठीच्या अलीकडे. पण झाडू किंवा खुरपं हातात असलेल्या बाईला मावशी म्हणायचं असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. ती खाडीकडच्या गावातली, आगरी. बेलापूर वसायच्या आधी आमच्या इमारतीच्या जागी तिच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं. हे तिने मला एकदा सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं. गावात तिची चार मजली इमारत आहे, तीन मजल्यांवर भाडेकरू. आमच्या सोसायटीतल्या बायका दिवाळीला तिला जुन्या साड्या देत. ती मुकाट्याने घेई आणि एप्रिलच्या उन्हात कुंड्यांवर सावलीला बांधी. कांजीवरमच्या सावलीत वाढलेलं शेवंतीचं रोप मी तिच्याकडेच पाहिलं.

काम ती गरजेपोटी करत नव्हती. घरी बसवत नाही म्हणून करत होती, आणि जास्वंदीसाठी करत होती. गावातलं जुनं घर पाडून इमारत बांधली तेव्हा अंगण गेलं, आणि अंगणात तिच्या सासूने लावलेली तांबडी जास्वंदही गेली. झाड कापायच्या आदल्या दिवशी तिने त्याच्या फांद्या बादलीत घालून आमच्या कुंपणाशी आणून लावल्या. त्याला वीस वर्षं झाली. एकवीस झाडं, डोक्याच्या वर गेलेली. तिच्या घरी आता वीतभर मोकळी माती नाही. उरलेल्या जागेत भाडेकरूंच्या मोटरसायकली असतात. सासूच्या झाडाचं जे काही शिल्लक होतं ते आमच्याकडे होतं.

रोज सकाळी सहाला ती पाइप घेऊन या झाडांना आंघोळ घालायची. नळीचं तोंड अंगठ्याने दाबून खालून वर जोराची धार. पानं उलटी व्हायची, थरथरायची. रस्त्यावरच्या गाड्यांवर थोडे शिंतोडे उडत, त्यावरून तक्रारी होत. ठिबक आणण्यात पाणी वाचवण्याइतकाच या शिंतोड्यांचाही हात होता, पण इतिवृत्तात फक्त पाणी आलं. इतिवृत्तही मीच लिहीत असे.

नोटीस वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आनि पानाचे पाठीला पानी कोन मारनार?"

"ठिबकने मुळाशी जातं ना पाणी. झाडाला तेवढंच लागतं."

"तू पायावर तांब्या वतून आंघोल करतेस का, बाय?"

ती सगळ्यांनाच तू म्हणते, अध्यक्षांनाही. मी हसले आणि नोटीस लावून टाकली.

फेब्रुवारी कोरडा गेला. समोरच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालं होतं, डंपर दिवसभर जात-येत. जास्वंदीवर धुळीचा थर बसला, पिठाच्या गिरणीतल्या कॅलेंडरसारखा. महिन्याच्या मध्यालाच पानांवर बारीक फिकट ठिपके दिसू लागले, कुणी वरून रवा भुरभुरवावा तसे. मग पानं तांबूस पडली, कडा वळल्या, गळू लागली. फांद्यांच्या बेचक्यात कोळिष्टकासारखं काहीतरी बारीक जाळं धरलं. कळ्यांच्या देठाशी कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूणही होता, पण तो दरवर्षीच असे. माळीणबाई त्याला जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढी. हे प्रकरण वेगळं होतं.

कमिटीने सल्लागार बोलावला. त्याच्या कार्डावर 'प्लांट हेल्थ कन्सल्टंट' असं लिहिलं होतं आणि शर्टाच्या खिशावर हिरवं पान भरतकाम केलेलं होतं. तरुण, नम्र, हातात टॅब्लेट. त्याने झाडांचे चार बाजूंनी फोटो काढले. पान मात्र उलटून पाहिलं नाही. क्लबहाउसमध्ये पडदा लावून त्याने आम्हाला पस्तीस चित्रं दाखवली, त्यांतली बरीचशी दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या गुलाबांची होती. शेवटी एक औषध सांगितलं. दर शनिवारी फवारायचं.

अध्यक्ष माझ्याकडे झुकून म्हणाले, "बघा मॅडम, याला म्हणतात सायन्स."

फवारणीनंतर आठवडाभर फुलं तोडू नयेत, असंही सल्लागार म्हणाला होता. मी तशी नोटीस काढली आणि लिफ्टशेजारच्या फलकावर, लिफ्टच्या देखभालीच्या वेळापत्रकाखाली लावली. कुंपणाशी 'फुले तोडू नयेत' अशी पाटी मुळातच होती. ती कुणीच मानत नसे. पहाटे साडेपाचपासून आमचे ज्येष्ठ नागरिक प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन फिरायला निघत आणि परत येताना पिशव्या भरलेल्या असत. माळीणबाई त्यांना कीडच म्हणायची. "पांढरी माशी बरी. ती निदान कल्या पिशवीन भरून नाय नेत."

मार्चमध्ये चार शनिवार औषध मारलं. माळीणबाईनेच मारलं, तोंडाला ओढणी बांधून. सल्लागार मास्क लावून गेटपाशी उभा राहून हाताने दिशा दाखवायचा. चौथ्या शनिवारनंतर झाडं पहिल्यापेक्षा वाईट दिसू लागली. सल्लागाराने पुन्हा फोटो काढले. "कीड प्रतिकार करतेय सर, याचा अर्थ औषध तिच्यापर्यंत पोचलंय." अध्यक्षांनी मान डोलावली. कंपनीत असताना त्यांनी अशी पुष्कळ वाक्यं ऐकली आणि उच्चारली असावीत.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष एक नमुना घेऊन आले होते: हातभर चौकोन, त्यावर प्लॅस्टिकची हिरवी पानं, मधून मधून जांभळी फुलं. अशा चौकोनांची भिंत कुंपणाला ठोकता येते. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "याला कीड लागत नाही." या विधानात खोट काढता येण्यासारखी नव्हती. ठराव झाला: एक मेपर्यंत, म्हणजे त्या दिवशीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत, कुंपण कीडमुक्त झालं नाही तर जास्वंदी उपटून ही हिरवी भिंत बसवावी. औषध चालू ठेवावं. ठराव मी लिहिला. विरोध कुणी केला नाही. मीही केला नाही.

माळीणबाईला सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. नमुना दाखवला. तिने तो हातात घेतला, पानं चोळली, हुंगला.

"याच्यावं धूल बसली का यालापन धवाला लागंल."

"ते नंतर बघतील."

"एक तारकेला उपटनार?"

"साफ झाली नाहीत तर."

तिने नमुना माझ्या हातात परत दिला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. रडणं-बिडणं काही नाही. कुंपणाच्या कडेने एक फेरी मारली, प्रत्येक झाडापाशी थांबत. गेटजवळची तीन झाडं तोवर जवळजवळ उघडी पडली होती. त्यांच्यापाशी ती जरा जास्त वेळ थांबली.

मी तुर्भ्याला एका कापड तपासणीच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं काम केलं. तिथलं एक पितळी भिंग माझ्याकडे आहे, घडीचं, एक इंच चौकोनी खिडकी असलेलं. कापडावर ठेवायचं आणि इंचात किती धागे ते मोजायचं. त्या संध्याकाळी मी एक पान घरी आणून टेबलावर उलटं ठेवलं आणि त्यावर भिंग टेकवलं. वीस वर्षं रोज ही झाडं पाहत होते, पण पानाची पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तिथे वस्ती होती. तांबूस, पारदर्शक, टाचणीच्या टोकाहून लहान जीव बारीक दोऱ्यांच्या जाळ्याखाली फिरत होते. काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी. पाय मोजले, आठ. मग पुस्तकं काढून वाचलं. याला लाल कोळी म्हणतात. आठ पायांचा म्हणजे तो कीटक नव्हे, कोळ्यांच्या घराण्यातला. पुष्कळशी कीटकनाशकं त्याला बाधत नाहीत. त्याला खाणारे बारीक ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, मात्र त्याच औषधांनी मरतात. कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते, पाण्याचा मारा मानवत नाही. म्हणजे आम्ही आधी झाडांची आंघोळ बंद केली, मग कोळ्याचे शत्रू मारले. मुद्दाम पाळायचा म्हटलं असतं तरी याहून चांगली सोय करता आली नसती. मी भिंगाच्या खिडकीतले कोळी मोजले. चाळीसच्या पुढे गेल्यावर ते जागा बदलू लागले, मी नाद सोडला.

सकाळी भिंग घेऊन खाली गेले आणि माळीणबाईला दाखवलं. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"असा दिसतो का," ती म्हणाली. "मना नुसता लाल भुगा दिसं."

"तुला ठाऊक होतं?"

"पाठीला काय तरी हाय ते ठाव व्हता. पानी मारला का जातं, त्ये पन ठाव व्हता. सांगितला नव्हता का मी तुला?"

सांगितलं होतं. मी म्हटलं, कमिटीत विषय काढते. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की कमिटी म्हणजे काय हे तिला माझ्याहून चांगलं कळत असावं.

"पाइप नको ना त्यांना?"

"पाइपला मनाई आहे."

"पंपाला?"

पंपाला मनाई नव्हती. फवारणी चालू ठेवा असाच तर ठराव होता. तिने पाठीवरचा फवारणीचा पंप मीटर रूममधून काढला, औषधाची बाटली आतच कपाटाच्या मागे सरकवली, आणि पंप नळाखाली धरला. तीन-चार वेळा विसळून भरला. मग नळीचं टोक वाकवून वर केलं आणि पानाच्या पाठीला मारा सुरू केला. मी शेजारी उभी होते. पंपात नुसतं पाणी आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि कुणाला काही बोलले नाही. ते सोयीचं होतं. सेक्रेटरीला वाद नको असतात. मला तर स्वभावानेच नको असतात. लांब उभं राहून गंमत बघायची, ही माझी जन्मभराची पद्धत. पहिल्यापासून एवढीच मेहनत मी घेत आले होते.

हे दर तिसऱ्या दिवशी चालू झालं. अध्यक्ष सकाळी फिरायला निघत तेव्हा पंप पाहून त्यांचा चेहरा खुलायचा.

"वा! जोरात मारा मावशी. पण बेताने, महागाचं आहे."

"मारतंय साहेब. तू पुढं हो, तोंडावं उरंल."

तोंडावर उडेल या भीतीने ते घाईघाईने पुढे जायचे, नाकाला रुमाल लावून. नळाचं पाणी होतं ते.

मी दर रविवारी पाच झाडांची पाच पानं उलटी करून मोजायची. दुसऱ्या रविवारी खिडकीत पंधरा-सोळा कोळी होते, तिसऱ्या रविवारी पाच-सहा. जाळी गेली. फांद्यांच्या टोकांना कोवळी पानं फुटली, तुकतुकीत, ठिपक्यांविना. गेटजवळच्या तिघांना मात्र काही फुटलं नाही. माळीणबाईने त्यांच्या फांदीवर नख मारून पाहिलं, आत हिरवं दिसलं नाही. तरीही ती त्यांच्यावर पाणी मारत राहिली.

महिन्याच्या शेवटी कळ्यांच्या देठाशी, पिठ्या ढेकणांच्या गर्दीत, मला आणखी काहीतरी दिसलं. तसंच पांढरं, लोकरीचं, पण तिप्पट मोठं आणि चांगलं भरभर चालणारं. भिंगाखाली धरलं तर त्याच्या तोंडात एक ढेकूण होता. पुस्तकात सापडलं: ढालकिड्याची अळी. ही पिठ्या ढेकणावर जगते आणि दिसतेही त्याच्यासारखीच, म्हणजे खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच वेषात. औषध थांबल्यावर ती कुठून तरी आली होती. माळीणबाईला बरं वाटलं. "ही आमचे वारीन मिरचीवर असाची," ती म्हणाली. वाडीतल्या मिरचीवर. म्हणजे ओळख जुनी होती.

तीस एप्रिलला सभेआधीची पाहणी झाली. अध्यक्ष, सल्लागार, मी आणि माळीणबाई. सल्लागाराने टॅब्लेटवर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी दाखवला.

"रिकव्हरी बघा, सर. आमच्या औषधाला थोडा वेळ लागतो, पण एकदा लागू पडलं की..."

अध्यक्ष खूश होते. खुशीत त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "द्या मॅडम ते भिंग. आम्ही पण बघू की तुमची रिसर्च." मी दिलं. त्यांनी पान उलटलं, वाकले, आणि मागे सरकले.

"अरे बाप रे! हा ढेकूण केवढा मोठा झालाय!"

सल्लागाराने पाहिलं. त्याच्या पस्तीस चित्रांत हे नसावं. तो म्हणाला, "रेझिस्टंट जात आहे, सर. औषध खाऊन मोठी होते. दुप्पट डोस द्यावा लागेल. आजच."

"आज कशाला, आत्ताच द्या. उद्या सभा आहे. मावशी, पंप आणा."

"नाय आननार," माळीणबाई म्हणाली.

"काय?"

"ही कीर नाय. ही किरीला खाते. हिला मारलास तर परत ते सगला हुईल."

"मावशी," सल्लागार समजुतीने म्हणाला, "महिनाभर तुम्हीच औषध मारलंत ना? त्याचाच गुण आलाय. आता शेवटी मागे हटायचं नाही."

मी माझ्याकडून एक वाक्य जुळवत होते, ज्यात कुणाचा अपमान होणार नाही, काही उघडही होणार नाही आणि अळीही वाचेल. असं वाक्य जुळवायला वेळ लागतो. तिला लागला नाही.

"औसद कुठं मारला? मयनाभर पानी मारलाय मी. नलाचा पानी."

डंपर गेला. अध्यक्षांनी भिंग मिटलं.

"फक्त पाणी?"

"फकस्त."

"म्हणजे मी रोज सकाळी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बहुधा रुमाल आठवला. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं हे?"

"होतं."

"आणि तुम्ही कमिटीला कळवलं नाही."

"नाही."

सल्लागाराच्या चेहऱ्यावर मला सुटकेसारखं काहीतरी दिसलं. उपचार पाळले गेले नसल्यामुळे परिणामाची जबाबदारी आपल्यावर येत नाही, असं त्याने सांगितलं आणि नंतरचा फोटो बंद केला. झाडं समोर हिरवी उभी होती; पण आता ती कुणाचीच नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "ठरावाचं उल्लंघन झालंय. उद्या सभेसमोर ठेवतो. भिंतीचा माणूस उद्या दुपारी येतोच आहे." आणि ते गेले. झाडांना काय झालंय हा प्रश्न मागे पडला होता. आता प्रश्न शिस्तीचा होता, आणि शिस्तीपुढे जास्वंद टिकत नाही.

माळीणबाईने टूथब्रश साबणाच्या डब्यात बुडवला आणि पुढच्या झाडाकडे गेली. जाताना म्हणाली, "खरा बोलली तर उपटतान, खोटा बोलली तर अली मरते. मंग मी काय करू?"

एक मेला झेंडावंदन झालं, खुर्च्या मांडल्या गेल्या. अध्यक्षांनी विषय मांडला: कमिटीचा ठराव, तज्ज्ञाचा सल्ला, आणि दोन्ही डावलून सोसायटीच्या पंपातून पाणी मारलं गेलं. आवाज गंभीर होता, जणू पंपातून काहीतरी चोरीला गेलं होतं. मग मला उत्तर द्यायला सांगितलं. मी माझी वही उघडली आणि आठवड्यागणिक आकडे वाचून दाखवले. लॅबमध्ये असे आकडे वाचले की लोक ऐकत. इथे मागच्या रांगेत वड्यांची चौकशी सुरू झाली.

अध्यक्ष मतदान घेणार तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे आजोबा उभे राहिले. पांढरा झब्बा, कपाळावर गंध. एरवी ते सभेत फक्त आभार मानायला उठत.

"एक मिनिट. तुम्ही म्हणालात, पाणी एप्रिलपासून. मग त्याआधी काय मारत होते?"

"औषध," मी म्हटलं. "मार्चमध्ये चार शनिवार."

"कशावर?"

"जास्वंदीवरच. तशी नोटीस लावली होती."

"कुठे?"

"लिफ्टपाशी."

"मी लिफ्टने जात नाही, डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत." ते थांबले. पुढचं वाक्य बोलायचं तर एक गोष्ट कबूल करणं भाग होतं, आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी त्यांच्या मागेच दिसत होती. पण श्रद्धा अशी असते. "म्हणजे मार्चच्या संकष्टीला मी माझ्या गणपतीला जी एकवीस फुलं वाहिली, ती विषाची होती?"

एकवीस म्हटल्यावर कुंपणापाशी उभी असलेली माळीणबाई ताठ झाली.

"अहो, मीही नेली होती," दुसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाल्या. "मी तर तेलात उकळली. सुनेच्या केसांना लावते मी ते."

"आमच्याकडे नातवाने तोंडात घातलं होतं हो फूल!"

मग हात वर होऊ लागले. तक्रार करायची तर चोरी सांगावी लागत होती, आणि तक्रार आवरत नव्हती. मी सवयीने मोजले. अकरा माणसं. त्यांत खुद्द अध्यक्षांच्या सौभाग्यवती होत्या.

माळीणबाई मोठ्याने म्हणाली, "आता समाजला मना, कल्या कुटं जातान त्या."

हशा झाला. अध्यक्षांनी हात वर करून शांतता मागितली, पण आजोबा बसले नाहीत. "आणि ही झाडं काढून प्लॅस्टिक लावणार म्हणता. गणपतीला काय प्लॅस्टिक वाहू?" यावर टाळ्या पडल्या, उद्घाटनाला पडल्या होत्या त्याहून पुष्कळ जास्त.

अध्यक्ष अनुभवी माणूस. वारा कुठून येतोय हे त्यांना आम्हा सर्वांच्या आधी कळतं. ते म्हणाले की आपण व्यक्तिशः नैसर्गिक पद्धतींच्याच बाजूचे आहोत आणि म्हणूनच हा विषय सभेपुढे आणला. ठराव झाला: झाडं ठेवावीत, औषध मारू नये, आठवड्यातून दोनदा पाइपने पानं धुवावीत, गाड्यांवर शिंतोडे उडणार नाहीत याची काळजी घ्यावी. प्लॅस्टिकच्या भिंतीचा माणूस दुपारी आलाच. त्या भिंतीला लिफ्टच्या लॉबीत जागा दिली. माझ्या मोजणीचा उल्लेख ठरावात कुठेच आला नाही, आणि लिहिणारी मी असल्यामुळे मलाही तो घुसवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खाली गेले. माळीणबाईने पाइप नळाला लावला होता, पण पाणी सोडलं नव्हतं. ती गेटजवळ खुरपं आणि कुदळ घेऊन बसली होती. मेलेली तीन झाडं तिने मुळासकट काढून शेजारी शेजारी ठेवली होती. वीस वर्षांची मुळं, मनगटाएवढी.

"तीन गेली," ती म्हणाली.

"अठरा राहिली."

"व्हय, राहिली." तिने हातावरची माती झटकली. "तू पान कवा बगितलास? एप्रिलन?"

"हो."

"आनि मी पाठीचा कवा बोलली तुला?"

"जानेवारीत."

"मंग तवाच का नाय बोललीस त्यांना? तुजं आयकला असता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरोखर माहिती हवी असल्यासारखं तिने विचारलं होतं. मला बरीच उत्तरं सुचली, सगळी व्यवस्थित लिहिण्यासारखी. पाइपला मध्ये पीळ पडला होता; मी खाली बसून तो सोडवू लागले. ती उठून नळ सोडायला गेली.